जावक शून्य

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती. जंगल कुठलं ते विचारायचं नाही. नाव घेतलं की तिथून खुलासा मागवणारं पत्र येतं.

त्या गुहेत सोनंनाणं नव्हतं आणि भूतही नव्हतं. आत एक भिंत होती आणि भिंतीवर कोळशाने काढलेला नकाशा होता. जंगलातलं प्रत्येक बीळ, प्रत्येक ढोली, प्रत्येक घरटं त्यावर दाखवलेलं होतं. कोण कुठे राहतं, घरात किती पिल्लं आहेत, पुढचं दार कुठे, मागचं दार कुठे, सगळं.

ही कल्पना वाघमहाराजांची. एका वर्षी ओढ्याला पूर आला आणि कोणाला कुठून बाहेर काढायचं हेच कोणाला कळेना. तेव्हा महाराज म्हणाले, "सगळ्यांची सगळी दारं एका जागी लिहून ठेवा. नवीन दार काढलं तर आठ दिवसांत कळवा." कल्पना चांगलीच होती. जंगलात वाईट कल्पना कोणाला सुचतच नाहीत.

आता मला सांगा, मागचं दार कशासाठी असतं? पुढच्या दारात कोणी दात विचकत उभं राहिलं तर निसटायला. म्हणजे ज्याला मागचं दार ठाऊक झालं, त्याला पुढच्या दाराशी जायचं कारणच नाही. हे महाराजांच्याही लक्षात आलं, पण नकाशा पूर्ण झाल्यावर. मग त्यांनी दुसरा हुकूम काढला. गुहेच्या तोंडाशी एक आवक-जावक वही ठेवायची. कोण आत गेलं, कशासाठी गेलं, बाहेर कधी आलं, सगळं तिच्यात लिहायचं. "वही पूर्ण हवी," महाराज म्हणाले, "आणि विश्वासाची हवी."

वहीवर साळूबाईंची नेमणूक झाली. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांबलांब काटे असतात, ती. नेमणुकीच्या पत्रात कारण स्वच्छ लिहिलं होतं : उमेदवाराकडे स्वतःच्या लेखण्या आहेत.

पण साळूबाई कामाला पक्क्या निघाल्या. त्यांनी जांभळाच्या रसाची शाई केली, सागाची पानं वाळवून वही शिवली आणि मनाशी तीन नियम ठरवले. जो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. चुकलं तर खरडून काढायचं नाही, नुसती एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि एक पान संपलं की त्याची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहायची, म्हणजे मधलं पान कोणी पळवलं तर लगेच उघडकीला येईल. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अंगावर काटे असले की माणूस काटेकोर होतो, असं त्यांची आई म्हणायची.

रोज सकाळी त्या गुहा झाडायला आत जात. तेव्हासुद्धा आधी स्वतःचं नाव लिहीत. कशासाठी : जाळ्या काढायला.

पहिल्या दिवशी पहिले आले मुंगूसराव.

"काय काम काढलंत?" साळूबाईंनी विचारलं.

"बीळ वाढवलंय. नोंद करायचीय."

साळूबाईंनी आवकेच्या रकान्यात लिहिलं : मुंगूसराव आले. कशासाठी : वाढीव बीळ.

थोड्या वेळाने मुंगूसराव बाहेर आले, अंग झटकलं आणि म्हणाले, "बरंय साळूबाई, येतो."

साळूबाईंची लेखणी हवेतच थांबली.

"म्हणजे जाताय ना?"

"असं बोलू नये हो. भरल्या सकाळी."

"मग लिहू काय?"

"येतो म्हणालोय तर येतो लिहा. लेकराबाळांचा धनी आहे मी."

मुलांनो, तुम्हीही कधी घरातून निघताना "जातो" म्हणून बघा. आई डोळे वटारून म्हणेल, जातो काय म्हणतोस, येतो म्हण. त्या जंगलातल्या आयाही तशाच होत्या. त्यामुळे गुहेतून निघणारा प्रत्येक जण "येतो" म्हणायचा. बायका "येते" म्हणायच्या. शिष्ट लोक "येऊ आम्ही?" म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता चालू लागायचे. साळूबाईंपुढे दोन रकाने होते, आवक आणि जावक. येणं हे आवकेत जातं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी प्रत्येक "येतो" आवकेत लिहिलं.

गुहेला एक कारभारी होते. त्यांचं नाव खोकडराव. खोकड म्हणजे कोल्ह्याचाच लहान भाऊबंद. अंगाने लहान, पण शेपटी झुपकेदार आणि बोलणं लोण्यासारखं. साळूबाईंचे ते वरिष्ठ. आठवड्यातून दोनदा तरी ते गुहेत चक्कर टाकायचे.

"कशासाठी, खोकडराव?" साळूबाई विचारायच्या.

"सहज हो. आणि माझं नाव नका लिहू. मी काय, घरचाच आहे."

साळूबाई मान डोलवायच्या आणि लिहायच्या : खोकडराव आले. कशासाठी : सहज. "माझं नाव नका लिहू, मी घरचाच आहे" म्हणाले.

शब्द न् शब्द त्यांचाच होता. साळूबाईंनी पदरचं काही घातलं नव्हतं. खोकडराव मात्र तोपर्यंत आत पोचलेले असायचे. आपण सोडून वहीत बाकी सगळे आहेत, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यामुळे त्यांची जीभ सैल सुटायची. पुढे पुढे तर कशासाठी विचारलं की खरं तेच सांगून जायचे.

असे दिवस चालले होते. मग एका सकाळी घुसाबाई धापा टाकत आल्या. या घुसाबाई वडाखालच्या. पाच पिल्लांची आई, कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची शेपटी अर्धी तुटलेली होती.

"बाई, अवं काय सांगू," घुसाबाई खाली बसल्या. "म्होरल्या दारात काय तरी खुडबुडलं. मी पोरं घिऊन मागल्या दारानं निघाले, तर तितं दबा धरूनच बसलं हुतं. नुसतं शेपटावर निभावलं. पोरं वाचली."

"कोण होतं?"

"धुरळ्यात दिसलं न्हाई. पर बाई, त्ये दार मी चारच दिसांमागं काढलंय. माज्या सख्ख्या भैनीला ठावं न्हाई. ह्या भितीवर सोडून कुटंच न्हाई त्ये."

साळूबाईंच्या पाठीवरचा एकेक काटा उभा राहिला.

"आता मी तिसरं दार काढलंय," घुसाबाई म्हणाल्या. "आठ दिसांत नोंद करा म्हणत्यात. नोंद केली की त्यो तितंबी येणार. न्हाई केली तर महाराजांचा हुकूम मोडला. तुमच्या वहीत असंल न्हवं त्यो? कोण येऊन बगून गेलं त्ये?"

साळूबाईंनी वही जवळ ओढली. पान उलटायचीही गरज नव्हती. त्यांना ओळ तोंडपाठ होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. वही खोटं बोलत नाही."

दुपारी दरबार भरला. घुसाबाईंनी अर्धी शेपटी महाराजांना दाखवली. महाराजांना खरोखर वाईट वाटलं. "वही आणा," ते म्हणाले. "कोण ते आत्ता कळेल."

खोकडराव नम्रपणे पुढे झाले. वहीत आपलं नाव नाही याची त्यांना खात्री होती, पण शहाणा प्राणी खात्रीवर विसंबत नाही.

"महाराज, वही आहेच. पण ती विश्वासाची आहे का? एखाद्या गरिबावर उगाच आळ यायचा. आधी वहीची तपासणी होऊ द्या, मग वहीतलं वाचू."

महाराजांना हे फार न्यायाचं वाटलं. न्यायाला उशीर लावणारी गोष्ट त्यांना नेहमीच न्यायाची वाटायची.

तपासणीसाठी पलीकडच्या तळ्यावरून बगळेसाहेब आले. बगळेसाहेब म्हणजे ऑडिटमधलं मोठं प्रस्थ. पांढरे स्वच्छ, एका पायावर उभे, डोळे अर्धे मिटलेले. ते ध्यान करतात की आक्षेप शोधतात हे माशांनासुद्धा शेवटपर्यंत कळायचं नाही.

तीन दिवस त्यांनी वही वाचली. साळूबाई समोर बसून होत्या. त्यांना भीती नव्हती. उलट कोणीतरी आपली वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतंय याचा त्यांना आनंदच होत होता.

तिसऱ्या दिवशी बगळेसाहेबांनी दुसरा पाय खाली टेकला.

"खाडाखोड आहे," ते म्हणाले.

"चूक झाली तिथे रेघ मारलीय, साहेब. खालचं वाचता येतं."

"तेच. चूक वाचता येते. आक्षेप पहिला. प्रत्येक पानावर एक ओळ दोनदा लिहिलीय."

"ती पान पळवलं तर कळावं म्हणून."

"पळवलेलं पान तपासणीला येत नाही, त्यामुळे त्यावर आक्षेप घेता येत नाही. दोनदा लिहिलेली ओळ मात्र आलीय. आक्षेप दुसरा. एका कर्मचाऱ्याने नाव लिहू नका असं स्पष्ट सांगूनही एकवीस ठिकाणी त्याचं नाव लिहिलंय. हा त्याच्या खाजगी आयुष्यातला हस्तक्षेप. आक्षेप तिसरा. आता शेवटचं." त्यांनी चोच वहीत खुपसली. "आवक एक हजार एकशे चाळीस. जावक शून्य."

"हो, साहेब."

"म्हणजे एक हजार एकशे चाळीस प्राणी आत गेले आणि एकही बाहेर आला नाही."

"बाहेर आले ना. येतो म्हणून गेले."

"गेले तर लिहिलं का नाही?"

"कोणी जातो म्हणालंच नाही. तुम्हीच सांगा, साहेब, कोणी म्हणतं का?"

बगळेसाहेब तपासायला स्वतः गुहेत शिरले. एक हजार एकशे चाळीस प्राणी आत आहेत का, हे बघणं त्यांचं कर्तव्य होतं. साळूबाईंनी त्यांचंही नाव लिहिलं. आत त्यांना भिंत दिसली, झाडू दिसला आणि उलटं टांगलेलं एक वटवाघूळ दिसलं. ते बाहेर आले आणि शेरा लिहिला : वही अविश्वसनीय. वहीतील प्राणी प्रत्यक्षात आढळले नाहीत. मग पंख पसरून म्हणाले, "बरं, येतो."

साळूबाईंनी लेखणी शाईत बुडवली.

"लिहू नका," बगळेसाहेब घाईने म्हणाले.

साळूबाईंनी तेही लिहिलं.

संध्याकाळच्या आत खोकडराव वही बघायला आले. पहिल्यांदाच त्यांनी ती उघडून वाचली, आणि वाचता वाचता त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. एकवीस वेळा. दिवस, वार, कारण. पण बोलताना त्यांचा आवाज पूर्वीसारखाच मऊ होता.

"साळूबाई, काळजी नको. आक्षेपांची पूर्तता केली की वही पास होते. नवीन वही लिहा. प्रत्येक 'येतो'च्या जागी 'गेले' लिहा, जावक रकान्यात. खाडाखोड नको, दुबार ओळ नको. आणि तो तिसरा आक्षेप आहे ना, घरच्यांच्या नावाचा, तेवढी एकवीस नावं गाळा. दोन दिवसांत झालं पाहिजे. महाराजांचा पंजा उमटलाय हुकुमावर."

"ती नावं गाळली तर वहीत उरलं काय, खोकडराव? घुसाबाईंना मी शब्द दिलाय."

"वही पासच झाली नाही तर त्यांचं प्रकरण फाईलबंद होईल. मग तुमच्या शब्दाचं काय?"

हुकूम खरा होता. पंजाही खरा होता. साळूबाईंनी तळ्यावर जाऊन बगळेसाहेबांना गाठलं, शेवटचं विचारायला.

"साहेब, 'गेले' लिहिलं तर अर्थ निराळाच होतो. आपल्याकडे कोणाला गेले म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

"अर्थ हा आमच्या तपासणीच्या कक्षेत येत नाही," बगळेसाहेब म्हणाले आणि डोळे मिटले.

तेव्हा साळूबाईंनी जुनी वही आपल्या बिळात, गवताच्या थराखाली ठेवली. कारण ती जाळून टाका असं हुकुमात लिहिलेलं नव्हतं. मग त्या नवीन वही लिहायला बसल्या. मुंगूसराव आले. मुंगूसराव गेले. घुसाबाई आल्या. घुसाबाई गेल्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी तेही लिहिलं, आल्या आणि गेल्या. बगळेसाहेब आले. बगळेसाहेब गेले. इतके दिवस जपलेला हात खोटं लिहीत होता आणि अक्षर पूर्वीपेक्षाही सुरेख येत होतं. साळूबाईंना रडू आलं. आसवं पानावर पडू नयेत म्हणून त्यांनी वही जरा लांब सरकवली, नाहीतर खाडाखोड धरली असती.

नवीन वही तपासणीत पास झाली. शंभरपैकी शंभर. आवक साडेपाचशे, जावक साडेपाचशे. बगळेसाहेबांनी केळीच्या पानावर प्रमाणपत्र लिहून दिलं की वही पूर्ण आहे आणि विश्वासाची आहे. ते प्रमाणपत्र आणि ती वही महाराजांकडे गेली.

महाराजांनी वही उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्या पानावर ते थबकले.

"मुंगूसराव गेले?" ते म्हणाले. "आम्हाला कोणी कळवलंसुद्धा नाही?"

पुढच्या पानावर घुसाबाई गेल्या होत्या. त्याच्या पुढे साळूबाईंसकट सगळी सायाळवाडी गेली होती. महाराज रात्रीचं जेवले नाहीत. सकाळी दवंडी पिटली गेली : जंगलात दहा दिवस सुतक पाळावं.

दवंडी ऐकून मुंगूसराव धावत आले. "माझ्या नावाने शोकसभा आहे म्हणे. मी कुठे बसू?"

"पुढे बसा," खोकडराव म्हणाले. त्यांना सगळा प्रकार मोठा गमतीचा वाटत होता.

सगळ्यांनी महाराजांना सांगून पाहिलं की आम्ही जिवंत आहोत. महाराजांनी प्रत्येकाला प्रमाणपत्र दाखवलं. "ज्या साहेबांनी हे दिलं," ते डोळे पुसत म्हणाले, "तेही बिचारे गेले. वहीतच आहे." बगळेसाहेब मागच्या रांगेत एका पायावर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रमाणपत्र खोटं म्हणावं तर नोकरी जात होती, खरं म्हणावं तर जीव जात होता. त्यांनी नोकरी राखली.

गेलेल्यांची घरं भिंतीवर बघवत नाहीत म्हणून महाराजांनी नकाशा पुसायला सांगितलं. हे काम साळूबाईंकडेच आलं. ओला पाला घेऊन त्या गुहेत शिरल्या आणि सगळ्यात आधी त्यांनी वडाखालचं ते मागचं दार पुसलं, चारचारदा. मग बाकीची भिंत. कोळशाचं पाणी पायाशी साचलं. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

अकराव्या दिवशी सुतक फिटलं आणि महाराज विचार करायला मोकळे झाले. आपल्या राज्यात उरलं कोण, हे त्यांनी मोजायला घेतलं. जंगलातल्या प्रत्येकाला कधी ना कधी दार नोंदवायला गुहेत जावं लागलं होतं. म्हणजे वहीत सगळे होते, आणि वहीतले सगळे गेले होते. फक्त एक नाव तिच्यात कुठेच नव्हतं.

दरबार भरला. सगळं मयत जंगल झाडून हजर होतं.

"खोकडराव," महाराज म्हणाले, "गुहेत शिरलेला एकही वाचला नाही. गुहेचे कारभारी कोण?"

"मी, महाराज."

"तुमचं नाव वहीत नाही."

"मी आत कधी गेलोच नाही, महाराज. तशी वेळच आली नाही."

"सगळ्यांची आली. तुमचीच तेवढी आली नाही. खाल्लंत ना त्यांना?"

खोकडरावांना आधी हसू फुटलं. महाराज हसत नव्हते. ते बघून त्यांचंही हसू ओसरलं.

"महाराज, हे सगळे इथे बसलेत. हे बघा मुंगूसराव."

"मुंगूसराव सतरा वेळा गेलेत."

"सतरा वेळा कोणी जातं का?"

"यावरूनच कळतं, तुम्ही त्यांना किती छळलं असेल ते."

मुंगूसरावांनी उगाचच डोळ्यांना पंजा लावला. खोकडरावांनी इकडेतिकडे पाहिलं. साडेपाचशे खून अंगावर आले होते आणि ज्यांचे खून झाले होते ते सगळे कान टवकारून ऐकत होते. त्यांच्या बाजूने बोलायला एकही उठेना.

"महाराज, मी आत जात होतो," खोकडराव ओरडले. "आठवड्यातून दोनदा जात होतो. आत जाऊनही मी जिवंत आहे, म्हणजे आत गेलं की मरत नाही. जुनी वही मागवा. तिच्यात माझं नाव आहे. एकवीस वेळा आहे. साळूबाई खोटं लिहीत नाहीत."

साळूबाईंनी तोपर्यंत खोकडरावांच्या तोंडून स्वतःची स्तुती ऐकली नव्हती. त्या मुकाट्याने बिळात गेल्या, गवत बाजूला केलं आणि जुनी वही घेऊन आल्या.

"वाचा, साळूबाई," खोकडराव हात जोडून म्हणाले. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

साळूबाईंनी मोठ्याने वाचलं.

"आश्विन शुद्ध चतुर्थी. खोकडराव आले. कशासाठी : वडाखालच्या घुशीने मागचं दार नवीन कुठे काढलंय ते बघायला. 'माझं नाव नका लिहू, मी घरचाच आहे' म्हणाले. बाहेर आले. 'येतो' म्हणाले."

घुसाबाई उठून उभ्या राहिल्या, अर्धी शेपटी पंजात धरून. आपण काय वाचायला लावलं हे खोकडरावांना उशिरा कळलं आणि ते मटकन खाली बसले. साळूबाईंचा ऊर भरून आला. दिलेला शब्द पाळला गेला होता.

मग महाराजांनी निकाल दिला.

"जुनी वही ऐकून आम्ही थक्क झालो. पण तिच्यावर कैलासवासी बगळेसाहेबांचा शेरा आहे : अविश्वसनीय. त्यांचा शेवटचा शब्द आम्ही मोडणार नाही. शिवाय वाचणाऱ्या बाई स्वतः मयत आहेत. तेव्हा घुसाबाईंच्या शेपटीच्या आरोपातून खोकडरावांची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे."

घुसाबाई खाली बसल्या.

"मात्र नवीन वही पूर्ण आहे आणि विश्वासाची आहे. तिच्यानुसार साडेपाचशे प्राणी खाल्ल्याबद्दल त्यांना जन्मभरासाठी ओढ्यापलीकडे हद्दपार करण्यात येत आहे."

सगळ्या मयतांनी टाळ्या वाजवल्या. खोकडराव त्याच दिवशी ओढा ओलांडून गेले. जाताना त्यांनी सवयीने "येतो" म्हटलं, तेव्हा महाराजांनी त्यांच्यावर आज्ञाभंगाचा आणखी एक आरोप ठेवला.

दोन दिवसांनी साळूबाईंनी तिसरी वही शिवली. ज्यांना पुन्हा जिवंत व्हायचं असेल त्यांनी गुहेत येऊन आपापली दारं नोंदवावीत, असा हुकूम निघाला होता. सकाळपासून कोणी फिरकलं नाही. दुपारी वडाखालून घुसाबाई जाताना दिसल्या. मागे पाचही पिल्लं होती.

"घुसाबाई," साळूबाईंनी हाक मारली, "निकालाचं मनाला लावून घेऊ नका. नोंद करायची ना तिसऱ्या दाराची?"

घुसाबाईंनी रिकाम्या भिंतीकडे डोकावून पाहिलं.

"नगं बाई. लई दिसांनी पोरं बिनघोर निजायला लागल्यात. मेलेलीच बरी हाय मी."

जंगलातले बाकीचेही हेच म्हणाले. पुढच्या वर्षी बगळेसाहेब, मरणोत्तर, तपासणीला आले आणि त्यांनी वहीची पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटली. खाडाखोड नव्हती, दुबार ओळ नव्हती, आवक आणि जावक तंतोतंत जुळत होती. त्यांनी कोऱ्या वहीला शंभरपैकी शंभर दिले. साळूबाईंनी ते प्रमाणपत्र गुहेच्या भिंतीला टेकवून ठेवलं, लेखणी पुसली आणि स्वतःचं नाव न लिहिताच त्या जाळ्या काढायला आत गेल्या.

तात्पर्य : खरी नोंद ठेवणाऱ्याने ती जपून ठेवावी, गुन्हेगाराला कधीतरी तिची गरज पडते. आणि मुलांनो, सगळं गाव वहीत मेलेलं असेल तेव्हा आपणही वेळेवर मरून घ्यावं. एकटाच जिवंत सापडला की चौकशी त्याचीच होते.